नकार आणि मौन

संगणकांमध्ये संवाद घडवणारा पहिला प्रोग्रॅम विद्यार्थी मोठ्या उत्साहाने चालवतो आणि पडद्यावर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' ही ओळ उमटते. प्रयोगशाळेतला नेहमीचा उपाय म्हणजे संगणक बंद करून पुन्हा चालू करणे. त्याने चूक कधी जाते, कधी जात नाही. शिकायला मात्र काहीच मिळत नाही.

रिचर्ड स्टीव्हन्स यांचे 'युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंग' (पहिली आवृत्ती १९९०) आम्हांला मोलाचे वाटते ते इथेच. १९९९ साली स्टीव्हन्स वारले. तिसरी आवृत्ती बिल फेनर आणि अँड्र्यू रुडॉफ यांनी सिद्ध केली. तीत 'कनेक्ट' हे फंक्शन शिकवताना चुकांचाच प्रयोग मांडला आहे. दुसऱ्या संगणकाला तारीख-वेळ विचारणारा छोटा प्रोग्रॅम निरनिराळ्या पत्त्यांवर चालवायचा आणि काय होते ते पाहायचे.

एका पत्त्यावरून तत्काळ नकार येतो. म्हणजे समोरचा संगणक चालू आहे, तिथवरची वाटही ठीक आहे. फक्त त्या पोर्टवर ऐकणारा प्रोग्रॅम नाही. सर्व्हर सुरू करायचा राहिला असेल किंवा पोर्टचा क्रमांक चुकला असेल. दुसऱ्या पत्त्यावर कुणीच नसते, त्यामुळे उत्तरही येत नाही. ४.४बीएसडी ही प्रणाली ६ सेकंदांनी आणि पुढे २४ सेकंदांनी पुन्हा विचारते. एकूण ७५ सेकंद झाले की नाद सोडते. तिसऱ्या वेळी वाटेतला राउटरच कळवतो, 'इकडे रस्ता नाही.' नकार, मौन आणि मध्यस्थाचा निरोप ही तीन वेगळी लक्षणे आहेत. तिन्हींवर एकच पुडी चालणार नाही.

तरीही पुस्तकाच्या दोन उणिवा सांगायला हव्यात. उदाहरणांत चूक तपासण्याचे काम मोठ्या अक्षराने सुरू होणाऱ्या वेगळ्या फंक्शनांकडे दिले आहे. चूक आढळली की ती संदेश छापून प्रोग्रॅमच बंद करतात. त्यामुळे पाने सुटसुटीत होतात, पण चूक आली की गाशा गुंडाळायचा, ही सवय नवशिक्याला लागू शकते. दुसरे म्हणजे, मौनाचा अर्थ आज अधिक संदिग्ध झाला आहे. अनेक फायरवॉल आलेली विनंती मुकाट्याने टाकून देतात. म्हणून उत्तर आले नाही यावरून तिथे संगणकच नाही, असे ठरवता येत नाही.

तारीख-वेळ सांगणारी ती जुनी सेवा आज बहुतेक संगणकांवर बंद असते. म्हणून शिक्षकांनी आपला छोटा सर्व्हर लिहून घ्यावा. आधी तो बंद ठेवून १२७.०.०.१ या पत्त्यावर जोडणी मागावी, मग चालू करून मागावी. नंतर सर्व्हर त्याच पत्त्याला बांधून शेजारच्या संगणकावरून त्या संगणकाच्या खऱ्या पत्त्यावर विचारावे. सर्व्हर चालू असूनही जोडणी का होत नाही? उत्तर सांगण्याची घाई करू नये. प्रत्येक वेळी काय होईल याचा अंदाज विद्यार्थ्याने आधी वहीत लिहावा. अंदाज चुकला, तर त्या दिवसाचा तास सार्थकी लागला असे आम्ही समजू.