‘नटरंग’ वाचताना बटलर कुठे चुकीच्या वापरल्या जातात?

‘लिंगभाव हा परफॉर्मन्स आहे, म्हणजे तो हवा तसा निवडता येतो.’ आराखडा लिहिताना हे वाक्य तुमच्याकडून सहज लिहिलं जाईल, आणि पुढे जुडिथ बटलर, ‘जेंडर ट्रबल’, १९९० असं जोडलं की भारदस्तही वाटेल. पण बटलर कपाटातून पोशाख निवडण्याबद्दल बोलतच नाहीत. समाजाच्या धाकाखाली पुन्हा पुन्हा केलेल्या कृतींतून ‘बाई’ आणि ‘पुरुष’ घडतात, असं त्यांचं म्हणणं.

आपल्या कागलच्या आनंद यादवांची ‘नटरंग’ घ्या, किंवा रवी जाधवांचा २०१० चा सिनेमा. गुणाला वगात राजा व्हायचंय. फडाला नाच्या मिळेना, म्हणून हा पैलवान गडी स्वतःच नाच्या होतो. याला नुसता ‘कलेसाठी त्याग’ म्हणणं मला अपुरं वाटतं. सिनेमात तो चाल, मान, हात नव्याने घोटतो ना? मग तालमीत कमावलेलं पुरुषपण तरी काय, घोटलेलंच की! फरक एवढाच, की त्याला कुणी सोंग म्हणत नाही. नाच्याचं सोंग मात्र गुणाने उतरवलं तरी गाव उतरवू देत नाही.

पडद्याबाहेरही हेच. कोल्हापूरचे गणपत पाटील संसारी माणूस, पण नाच्याच्या भूमिकांमुळे लोक त्यांच्या पुरुषपणावरच शंका घ्यायचे. उलट बालगंधर्वांची साडी नेसण्याची ढब घरंदाज बायकांनी उचलली. दोघेही स्त्रैण अभिनय करणारे पुरुष. एकाला मान, दुसऱ्याला टिंगल. संगीत नाटकाचा प्रेक्षक कोण होता, तमाशाचा कोण, आणि फडावर कुठल्या जातींची माणसं उभी होती? तुमचा आराखडा इथून सुरू करा.