पंचेचाळीस मिनिटांत मारवा

मारव्यात पंचम नाही. रिषभ कोमल, मध्यम तीव्र आणि गायकाचा सगळा मुक्काम रिषभ-धैवतावर. षड्ज आहे, पण तो चुकवत चुकवत गायचं. तानपुऱ्याची पहिली तारसुद्धा पंचमाऐवजी निषादात मिळवलेली, त्यामुळे कानाला टेकायला हक्काची जागा उरत नाही. सूर्यास्ताच्या या रागात ऐकणारा नकळत षड्जाची वाट पाहू लागतो आणि चांगला गवई तो देत नाही. रिषभावर थांबतो, निषादाला हात लावून माघारी फिरतो, धैवतावर रेंगाळतो. मग एखाद्या समेवर षड्ज लागतो आणि अंगावर सरसरून काटा येतो.

अमीर खाँसाहेबांची एलपी ज्यांच्या घरी आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिच्या एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. झुमऱ्याच्या १४ मात्रा इतक्या संथ सोडलेल्या की ठेका जवळजवळ विसरायला होतं. आवाज मंद्रात, कुणालाही काही पटवून देण्याची घाई नसलेला. ध्वनिमुद्रित ख्यालात माणसाला इतकं एकटं पाडणारं दुसरं काही मी तरी ऐकलेलं नाही.

नाट्यशास्त्राने रोमांच आठ सात्त्विक भावांत घातला, म्हणजे स्तंभ, स्वेद, अश्रू यांच्या पंगतीत. टाळी ठरवून वाजवता येते, मान ठरवून डोलावता येते. काटा ठरवून आणता येत नाही. २०११ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी ज्यांना संगीत ऐकताना हमखास शहारा येतो अशा माणसांचे मेंदू तपासले. त्यांना आढळलं की डोपामीन नुसत्या शहाऱ्याच्या क्षणी स्रवत नाही. त्याच्या आधी, वाट पाहतानाच, मेंदूच्या दुसऱ्या एका भागात ते सुरू झालेलं असतं. ती माणसं काही मारवा ऐकत नव्हती. पण किराणा घराण्याच्या कोणत्याही बुजुर्गाला यात नवल वाटलं नसतं.

आजच्या ख्यालगायनाबद्दल माझी तक्रार आहे ती इथली. तयारी कमी झालेली नाही, उलट आज पंचविशीतली मुलं-मुली ज्या सफाईने तिन्ही सप्तकांत तान घेतात ती थक्क करणारी आहे. राग शुद्ध असतो, बंदिशींचा साठा दांडगा असतो. वाट पाहायला लावणं तेवढं गेलं आहे. दहाव्या मिनिटाला तार षड्ज लागून जातो, विसाव्याला सरगम, मग द्रुत, मग तराणा, आणि सभागृह उठून उभं राहतं. आनंद होतो, नाही असं नाही. काटा मात्र येत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग अब्दुल करीम खाँसाहेबांचं काय? ७८ आरपीएमची तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. तेवढ्यात त्यांची भैरवी आणि झिंझोटी आजही गळ्यात आवंढा आणतात. गदगच्या लहानग्या भीमसेनला घर सोडायला लावणारी जादू त्याच तबकड्यांतली. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न निव्वळ घड्याळाचा नाही. त्या तीन मिनिटांत खाँसाहेब काय करतात ते पाहावं. स्वर खालून, कडेकडेने येतो, नेमक्या जागी पोचतो आणि तिथे राहतो. आवाज बारीक, थोडा अनुनासिक, जोर कुठेच नाही. सांगलीचे देवल आणि क्लेमंट्स यांच्या श्रुतिसंशोधनात प्रात्यक्षिकं देणारा हा माणूस, त्याला गांधार नेमका कुठे आहे हे ठाऊक होतं. आजच्या ४५ मिनिटांच्या गाण्यात जी लगबग असते ती त्या तीन मिनिटांत नाही.

खाँसाहेब मिरजेत राहिले आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केलं. मिरज हे तानपुऱ्याचं गाव. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मिरजेचा कारागीर जवारी कशी काढतो हे एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. घोडीचा माथा तो कानशीने किंचित घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकवतो. तार छेडल्यावर नुसता ठोका ऐकू येतो, दोरा थोडा पुढे गेला की तोच ठोका उमलतो आणि खर्जाच्या तारेतून, कुणी न लावलेला, गांधार बोलू लागतो. स्वयंभू गांधार म्हणतात तो हा. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीही १९२१ साली या रुंद, वक्र घोडीवर निबंध लिहिला होता.

आता मंचावर पाहा. तानपुरे दोन असतात, पण बऱ्याचदा गायकाच्या मॉनिटरमध्ये मोबाइलचा तानपुरा चालू असतो आणि मागे बसलेले शिष्य छायाचित्रापुरते तारा छेडतात. बाजूला हार्मोनियम. तिचा गांधार स्वयंभू गांधाराहून सुमारे १४ सेंट चढा. एवढासा फरक, पण विलंबितात गायक गांधारावर थांबला की त्या दोन गांधारांचं भांडण कानाला बोचतं. सारंगी असती तर ते झालं नसतं. पण साथीला सारंगी आज किती मैफिलींत दिसते?

दुसरं नुकसान वेळेचं. १९५३ साली सुरू झालेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर चाले. पहाटेच्या थंडीत, शाल घट्ट ओढून, ललत किंवा तोडी ऐकलेली पिढी अजून आपल्यात आहे. २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आणि २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनंतर रात्री दहाची वेळ पक्की झाली. वर्षातले थोडे दिवस बारापर्यंत सवलत, तेवढीच. परिणाम असा की महोत्सवांत मुलतानी, पूरिया, मारूबिहाग, यमन यांची दाटी होते. दरबारी साडेआठला उरकला जातो. मालकंस घाईत येतो. कौशी कानडा, शहाणा, सोहनी यांची गाठ प्रत्यक्ष मैफिलीत पडणं दुर्मीळ झालं. दिवाळी पहाटेला माणसं अंधारात उठून येतात, हे खरं; पण तिथे बहुतेक वेळा नाट्यगीतं आणि भावगीतं वाट्याला येतात.

जयपूरवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. ‘घरंदाज गायकी’त वामनराव देशपांडे यांनी किराण्याला स्वराच्या टोकाला ठेवलं, आग्र्याला लयीच्या आणि जयपूरला मधोमध. मल्लिकार्जुन मन्सूर तर आलापात वेळ घालवतच नसत. थेट बंदिश, आणि पहिल्या आवर्तनातच श्रोता पकडलेला. गोव्याच्या केरीतून आलेल्या केसरबाईंच्या भैरवीचं मुद्रणही असंच छोटं. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर ते सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागलं आणि त्याच महिन्या-दोन महिन्यांत बाई गेल्या. किशोरीताईंनी जयपूरमध्ये थांबणं आणलं. त्यांच्या भूपातला गांधार ऐकताना सभागृहात कुणी खोकलं तरी त्यांचा संताप होई, आणि लोक त्याला लहर म्हणत. मला ती लहर वाटत नाही. शांततेवाचून तो गांधार लागणारच नव्हता.

जानेवारी २०२४ मध्ये चार दिवसांच्या अंतराने राशिद खाँ आणि प्रभा अत्रे गेले. मंद्रात ठाण मांडून बसू शकणारे आवाज आणखी कमी झाले. व्यंकटेश कुमार, उल्हास कशाळकर, अश्विनी भिडे-देशपांडे आजही चांगल्या दिवशी अंगावर काटा आणतात. पण त्यांनाही सत्कार, निवेदकाचं लांबलेलं प्रास्ताविक आणि पुढचा कलाकार यांच्या मधल्या फटीत गावं लागतं. तरुणांना दोष देणं सोपं आहे. दीड मिनिटाच्या चित्रफितीवर ज्यांची पुढची निमंत्रणं ठरतात, ते तान आधी घेणारच.

आयोजक नेहमी कायद्याकडे बोट दाखवतात. पण ध्वनिक्षेपकांवरची रात्रीची बंदी उघड्या मैदानांसाठी आहे. बंदिस्त सभागृहांना नियमांतच वगळलेलं आहे. तेव्हा येत्या हंगामात एखाद्या मंडळाने तीनशे खुर्च्यांचं सभागृह रात्री नऊनंतर घ्यावं. एकच कलाकार बोलवावा, नीट जवारी काढलेले दोन तानपुरे मागवावेत, सत्कार दुसऱ्या दिवशी ठेवावेत आणि पत्रिकेवर फक्त सुरू होण्याची वेळ छापावी.