‘ज्वर’ : एका सज्जनाची लास व्हेगासवारी

जुगारापायी संसाराची धूळधाण झाल्याच्या कथा आपल्या वाचकांना नवीन नाहीत. अशा बहुतेक कथांत जुगारी मुळातच सैल वृत्तीचा, लोभी किंवा व्यसनी रंगवलेला असतो. त्यामुळे त्याचा ऱ्हास आपण सुरक्षित अंतरावरून पाहतो आणि निश्चिंत मनाने पुस्तक मिटतो. अमेरिकन लेखक रॉड सर्लिंग यांची ‘द फीव्हर’ म्हणजे ‘ज्वर’ ही छोटेखानी नाट्यकृती आपल्याला ही सोय ठेवत नाही. तिचा नायक शिस्तीचा, काटकसरी आणि जुगाराचा कट्टर वैरी आहे. सहा दशके उलटून गेल्यावरही या कृतीचा परामर्श घ्यावा असे आम्हांस वाटते, ते याच कारणासाठी.

‘द ट्वायलाइट झोन’ या गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेत २९ जानेवारी १९६० रोजी ती प्रथम दाखवली गेली. दिग्दर्शन रॉबर्ट फ्लोरी यांचे होते. एव्हरेट स्लोन आणि व्हिव्ही जॅनिस यांनी पती-पत्नीच्या भूमिका केल्या. पुढे सर्लिंग यांनी या संहितेला कथारूपही दिले. येथे आम्ही विचार करणार आहोत तो पडद्यावरील मूळ कृतीचा.

कॅन्सस राज्यातील एल्गिन या लहानशा गावचे फ्रँकलिन आणि फ्लोरा गिब्ज हे प्रौढ जोडपे. फ्लोराला एका स्पर्धेत लास व्हेगासच्या सहलीचे बक्षीस मिळते. राहण्याजेवण्याचा सगळा खर्च देणाऱ्यांचा. नेवाडा राज्याने १९३१ साली जुगाराला कायदेशीर मान्यता दिली आणि वाळवंटातील या गावाचे हळूहळू झगमगत्या कॅसिनोनगरीत रूपांतर झाले. फ्लोराला त्या दिव्यांचे अप्रूप वाटते, तर फ्रँकलिनला त्यांची किळस येते. ती हौसेने एका यंत्रात एक क्षुल्लक नाणे टाकते, तेव्हा तो तिला फटकारतो. नाणे आत गेलेच आहे, निदान दांडा तरी ओढू द्या, अशी तिची अजिजी. तो नाराजीने परवानगी देतो. ती हरते. झाले, नवऱ्याचे म्हणणे खरे ठरले!

आमच्या मते संपूर्ण कथेचे बीज या छोट्याशा प्रसंगात आहे. बक्षीस पत्नीचे, सहल तिची. पण एका नाण्याची मौज करण्यासाठीही तिला नवऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. फ्रँकलिनच्या सद्‌गुणात पत्नीविषयी माया फारशी नाही. तो सद्‌गुण म्हणजे घरातला अधिकार आहे. इतरांच्या चुका मोजण्याची त्याला सवय आहे आणि त्याला ‘नको’ म्हणणारे घरात कोणीच नाही.

मग एक मद्यधुंद इसम बळेच फ्रँकलिनच्या हातात डॉलरचे नाणे कोंबतो आणि त्याला खेळायला लावतो. तो जिंकतो. इतर लोक मूर्खासारखे जिंकलेले पैसे पुन्हा यंत्रात घालतात, आपण ते जपून ठेवू, असे तो फ्लोराला ऐटीत सांगतो. पण रात्री त्याला नाण्यांच्या खळखळाटात स्वतःचे नाव ऐकू येऊ लागते. तो अंथरुणातून उठतो. पत्नीला काय सांगतो? हा पैसा पापाचा आहे, तो आपल्याकडे नको, ज्या यंत्रातून आला त्यातच परत टाकून येतो!

सर्लिंग यांच्या मनुष्यस्वभावाच्या जाणकारीला येथे दाद द्यावीशी वाटते. मोह या गृहस्थाकडे मोहाच्या वेषात येत नाही. कर्तव्याचा अंगरखा घालून येतो. लोभी माणसाला निदान आपला लोभ ठाऊक असतो. फ्रँकलिन मात्र आपण शुद्धीकरणालाच निघालो आहोत अशा समजुतीने जिना उतरतो. पुढे पहाट होईपर्यंत तो धनादेशांमागून धनादेश वटवतो. पत्नीला एक नाणे नाकारणारा हाच हात आता दोघांचा पैसा उधळतो आणि तिला एका शब्दानेही विचारत नाही. ती विनवू लागली, की इतके गमावले आहे, आता ते परत मिळवलेच पाहिजे, असे म्हणून तिच्यावर खेकसतो. द्यूतात पत्नीला पणाला लावणारा धर्मराज आपल्याला आठवतो. तिलाही कोणी विचारले नव्हते.

‘आता तरी यंत्राने द्यायलाच हवे’ हा फ्रँकलिनचा हट्टही पाहण्यासारखा आहे. तीन चाके आणि प्रत्येकावर वीस खुणा धरल्या, तर ८,००० वेगवेगळ्या जुळण्या होतात. सर्वांत मोठ्या बक्षिसाची खूण प्रत्येक चाकावर एकदाच असेल, तर ते लागण्याची शक्यता दर खेपेला ८,००० त एक. आधीची हजार नाणी यंत्राच्या स्मरणात नसतात. ती फक्त हरणाऱ्याच्या मनात साठतात. आयुष्यभर हिशेब चोख ठेवलेल्या माणसाला हा उधारीचा हिशेब अर्धवट सोडवत नाही. त्याचा काटेकोरपणाच त्याला तेथे जखडून ठेवतो.

यानंतर मात्र कृती घसरते. शेवटचे नाणे टाकताच यंत्र बंद पडते, फ्रँकलिन ते उलथून पाडतो. खोलीत परतल्यावर ते यंत्र आपला पाठलाग करीत आहे असा त्याला भास होतो आणि खिडकीतून कोसळून त्याचा अंत होतो. अखेरच्या दृश्यात त्याचा शेवटचा डॉलर घरंगळत त्याच्या हाताशी येतो आणि समोर यंत्र उभे दिसते. प्रेक्षक दचकतो खरा. पण यंत्राला असे पिशाच केल्याने ते बनवणारी आणि मांडणारी माणसे नामानिराळी राहतात. मानवशास्त्रज्ञ नताशा डाऊ शल यांनी लास व्हेगासमधील यंत्र-जुगाऱ्यांचा प्रदीर्घ अभ्यास करून २०१२ साली ‘अ‍ॅडिक्शन बाय डिझाइन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना भेटलेल्या कित्येकांची धडपड जिंकण्यासाठी नव्हती. यंत्रासमोरची ती बधिर तंद्री टिकावी, एवढ्यासाठी ते खेळत होते. आणि ती तंद्री टिकावी अशीच यंत्रांची रचना केलेली होती. भुताची गरज तेथे नव्हतीच.

दुसरी उणीव फ्लोराची. सर्लिंग तिला विनवण्या आणि आक्रोश यांपलीकडे काही देत नाहीत. या बाबतीत आम्हांस ग्रॅहॅम ग्रीन यांची ‘लूझर टेक्स ऑल’ ही १९५५ सालची लघुकादंबरी अधिक प्रगल्भ वाटते, जरी ग्रीन यांनी स्वतः तिची गणना आपल्या रंजक लेखनात केली. एका कंपनीतील साहाय्यक हिशेबनीस बर्ट्रम आणि त्याची पत्नी कॅरी लग्नासाठी माँटे कार्लोला जातात. तेथे भेटण्याचे वचन देणारा बडा साहेब त्यांना विसरून जातो. पैसे संपत आल्यावर बर्ट्रम रुलेटची एक पद्धत बसवतो आणि चक्क जिंकत सुटतो. पण गर्भश्रीमंताच्या तोऱ्यात वावरणारा हा नवा नवरा कॅरीला परका वाटतो. ती तसे स्पष्ट सांगते आणि दूर होते. जिंकलेले सोडून दिल्यावरच तो तिला परत मिळवतो. ग्रीन यांच्या कथेत पत्नीच्या ‘नको’ला वजन आहे, म्हणून तेथे संसार वाचतो. फ्रँकलिनच्या घरी त्या शब्दाला कधी किंमतच नव्हती.

हा विषय आता सातासमुद्रापलीकडचा राहिलेला नाही. गोव्याच्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला वाट मिळाली. १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील जुगाराचाही मार्ग मोकळा झाला. मांडवीच्या पात्रातील कॅसिनो-जहाजांचे दिवे पणजीला सुटीसाठी जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी पाहिलेले आहेत.

तेव्हा ‘द फीव्हर’ जरूर पाहावी, आणि शक्यतो पती-पत्नींनी एकत्र पाहावी. शेवटच्या भीतिदृश्यापेक्षा सुरुवातीच्या त्या एका नाण्याकडे अधिक लक्ष द्यावे. कडक नियम पाळणारा माणूस जुगारापासून सुरक्षित असतोच असे नाही. ज्याला थांबवण्याचा हक्क घरात कोणाला तरी आहे, तो अधिक सुरक्षित असतो. सर्लिंग यांनी हे आपल्या शब्दांत म्हटलेले नाही. परंतु त्यांनी निर्माण केलेला फ्रँकलिन गिब्ज आम्हांला तेच सांगून जातो.