वनस्थिती अहवाल वाचताना

देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून साधारणतः दर दोन वर्षांनी वनस्थिती अहवाल प्रसिद्ध करते. २०२३ चा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये आला. वर्गात आपण जंगलाचे जे टक्के सांगतो, ते बहुधा याच अहवालातले असतात. म्हणून त्याची पद्धत शिक्षकांना ठाऊक हवी.

किमान १ हेक्टर जमिनीवर वृक्षछत्र १० टक्के वा अधिक असेल, तर अहवाल त्यास वनाच्छादन म्हणतो. जमीन कोणाची, झाडे कोणती, हे पाहिले जात नाही. छत्र ४० टक्क्यांपर्यंत असल्यास 'विरळ', ७० पर्यंत 'मध्यम घन' आणि पुढे 'अतिघन' वन. पानझडी झाडे निसटू नयेत म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरमधील उपग्रहचित्रे वापरतात, ही दक्षता वाखाणण्याजोगी आहे. अहवाल आपली व्याख्या लपवीतही नाही. तरीही आमचा आक्षेप आहे, तो असा.

शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य घ्या. सातपुड्याच्या या कोरड्या उतारांवर साग, अंजन, सालई, धावडा अंतर राखून वाढतात. मध्ये गवत असते. हा विरळपणा काही ठिकाणी मूळचाच, तर काही ठिकाणी तोड व चराईमुळे आलेला. अहवालातील वर्गावरून हा फरक कळत नाही. अशाच उतारावर निलगिरी दाट लावली तर वर्ग वर सरकेल आणि वन 'सुधारले' असे वाटेल. जलाशयाकाठचा चिखल व पाणवनस्पती तर छत्राच्या मापात बसतच नाहीत. पाणपक्ष्यांचे अन्न मात्र तेथेच असते.

विरळ वनाला हलके लेखणे किती चुकीचे आहे, ते रानपिंगळ्याने दाखविले. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक नमुना मिळाला नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व सहकाऱ्यांना तो पुन्हा दिसला, तो शिरपूरच्या शेजारी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या मोकळ्या पानझडी वनात.

शिक्षकांनी अहवालाचा आकडा जरूर सांगावा. पण सोबत विद्यार्थ्यांना जवळच्या रानात न्यावे. १० मीटर लांबी-रुंदीचे दोन चौकोन आखावेत, एक लागवडीत व एक नैसर्गिक वनात. झाडे, रोपे, गवते, घरटी यांची नोंद करावी. मग वनाच्छादन आणि वन यांतील फरक वेगळा शिकवावा लागणार नाही.