‘मी कुठेही जात नाहीये’ : ‘द फिगो अफेअर’ दुसऱ्यांदा बघताना

नेटफ्लिक्सवरची ‘द फिगो अफेअर’ ही डॉक्युमेंटरी मी दोनदा पाहिली. पहिल्यांदा २०२२ साली, ती आली तेव्हा, बार्सिलोनाचा चाहता म्हणून. दुसऱ्यांदा गेल्या वर्षी, नोकरी बदलताना. दुसऱ्या वेळी मला फिगोला शिव्या घालता आल्या नाहीत.

गोष्ट थोडक्यात अशी. लुईस फिगो पाच हंगाम बार्साचा लाडका होता. जुलै २००० मध्ये तो रेआल माद्रिदला गेला, म्हणजे जिथे जायचंच नसतं तिथे. किंमत सुमारे सहा कोटी युरो, तेव्हाचा जागतिक विक्रम. २००२ साली कॅम्प नूवर तो कॉर्नर घ्यायला गेला तेव्हा प्रेक्षकांनी जे जे फेकलं त्यात डुकराचं मुंडकंही होतं.

डेव्हिड ट्रायहॉर्न आणि बेन निकोलस या दिग्दर्शकांनी ही गोष्ट थ्रिलरसारखी रचली आहे. एजंट वेगा, मध्यस्थ झालेला माजी खेळाडू पाउलो फुत्रे, रेआलचे पेरेझ, स्वतः फिगो, सगळे कॅमेऱ्यासमोर बसतात आणि प्रत्येकाचं वेगळंच. फुत्रे तर किस्सा सांगत नाही, करून दाखवतो. एजंटने करार केला तो फिगोला विचारून की न विचारता, यावर दोघांचा मेळ बसत नाही. बघायला मजा येते. पण फिल्म एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते: खोटं कोण बोललं? तो प्रश्न मला अपुरा वाटतो.

तारखा बघा. दोन्ही क्लब सभासदांच्या मालकीचे, अध्यक्ष मतदानाने निवडला जातो. पेरेझ ज्यांच्याविरुद्ध उभे होते त्या लोरेन्झो सान्झ यांनी नुकतीच चॅम्पियन्स लीग जिंकून दिली होती. त्यांना हरवायला पेरेझनी फिगोचं आश्वासन दिलं. तो आला नाही तर सभासदांच्या हंगामी तिकिटांचे पैसे आपण भरू, असंही सांगितलं. १६ जुलैला ते निवडून आले. बार्साची निवडणूक होती २३ला. मधल्या आठवड्यात फिगोशी बसून बोलेल असा अध्यक्षच बार्साकडे नव्हता. २४ला फिगो पांढऱ्या जर्सीत. फिल्ममध्ये या तारखा घड्याळाच्या टिकटिकीसारख्या येतात. त्यांचा अर्थ मात्र मोठा आहे: फिगोला माद्रिदला आणलं ते चाहत्यांच्या मतांनी. फिल्ममधला चाहता आरडाओरडा करणारी गर्दी म्हणूनच लक्षात राहतो. तो या सौद्यातलं गिऱ्हाईकही होता.

आणि आम्ही बार्सावाले तरी कुठे धुतल्या तांदळाचे? ऑक्टोबर २००० मध्ये फिगो पहिल्यांदा परत आला, कान फाटतील इतक्या शिट्या झाल्या, बार्सा २-० जिंकली. पहिला गोल कोणाचा? लुईस एनरिकेचा. तो १९९६ साली रेआल सोडून आमच्याकडे आला होता. त्याला आम्ही गद्दार म्हणत नाही.

दुसरी गोष्ट कराराची. स्पेनमध्ये १९८५ पासून खेळाडूला ठरावीक रक्कम भरून करार मोडता येतो. क्लब ती रक्कम मुद्दाम अवाच्या सवा लिहितात, कोणी देणारच नाही अशी. फिगोच्या बाबतीत देणारा निघाला. वीस वर्षांनी मेस्सीला बार्सा सोडायची होती, तेव्हा ७० कोटी युरोच्या याच कलमाने त्याला अडवलं. पुढच्याच वर्षी त्याला राहायचं होतं, तर क्लबचे आर्थिक घोळ आणि लीगचे नियम आडवे आले, आणि तो पत्रकारांसमोर रडला. निष्ठेवर आपण कितीही भांडलो तरी शेवटचं वाक्य कागदावरच असतं.

हे मला कळलं ते माझ्या ९० दिवसांच्या नोटिस पीरियडमुळे. आमच्याकडेही बायआउट असतो: नवी कंपनी पैसे भरून उरलेले दिवस विकत घेते. आमच्याकडेही एजंट असतो, त्याला रिक्रूटर म्हणतात. माणूस हलला तरच त्याचं पोट चालतं.

ऑफर लेटर मेलमध्ये होतं तेव्हा माझ्या टीम लीडने चहाच्या टपरीवर विचारलं, “तू तर जात नाहीयेस ना?” मी म्हणालो, “मी कुठेही जात नाहीये.” दहा दिवसांनी राजीनामा दिला.

ते खोटं होतं का? त्या क्षणी मला वाटत होतं की कंपनी पगार वाढवेल आणि मी राहीन. माझ्या वाक्यात ‘मला थांबवा’ हे लपलेलं होतं. त्याला ते कसं ऐकू यावं? फिगोनेही जायच्या आधी बार्सिलोनातल्या वर्तमानपत्राला आपण राहणार असंच सांगितलं होतं. कदाचित तेव्हा त्यालाही तसंच वाटत असेल.

म्हणून मला वाटतं, फिल्मने एजंट आणि अध्यक्षांकडून थोडा वेळ काढून त्या मुलाखतीला द्यायला हवा होता. तो पेपर सकाळी वाचून निर्धास्त झालेला कोणीतरी सभासद शोधायला हवा होता. ‘पेसेतेरो’, म्हणजे पैशाचा लोभी, अशी शिवी त्याला स्टेडियमने दिली. पण चाहते पैसा समजून घेतात, ते स्वतःही नोकऱ्या बदलतात. त्यांना चटका बसला असेल तो त्या शब्दाचा.

माझा लीड निरोपाच्या केकला आला नाही. त्याने डुकराचं मुंडकं फेकलं नाही, एवढंच. मी माफीचा मेसेज केला, निळ्या टिका आल्या. उत्तर अजून नाही.