‘मेड इन यू.एस.ए.’ : एका विनोदाचे परीक्षण

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या गाडीने विठ्ठलवाडी सोडली की डब्यात कुणीतरी हमखास एक विनोद सांगे. वस्तूवर ‘मेड इन यू.एस.ए.’ असे छापलेले असेल, तर अमेरिका समजून हुरळून जाऊ नये. ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असे वाचावे! परदेशी मालाची टंचाई होती आणि त्याची भूल मोठी होती, त्या काळात हा विनोद जन्माला आला. १९९१ नंतर आयातीवरील बंधने सैल झाली, परदेशी माल गल्लोगल्ली मिळू लागला. विनोद मात्र अद्याप हयात आहे. जन्माचे कारण संपल्यावरही जो टिकून राहतो, त्या विनोदाकडे समीक्षकाने एकदा गंभीरपणे पाहावयास हवे. लोकांच्या तोंडी असलेले वाङ्मय हेही वाङ्मयच असते.

या विनोदाची घडण तपासली तर एक गोष्ट ध्यानात येते. अमुक दुकानदाराने फसवले, असे तो सांगत नाही. तो एका संपूर्ण समाजाची मिळून एक संस्था कल्पितो आणि तिच्यावर शिक्का मारतो. आरोपी कोणी एक नसल्यामुळे बचावालाही कोणी उभे राहू शकत नाही.

ज्यांच्यावर हा शिक्का बसला ते लोक येथे कसे आले? दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभारण्यात आली होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवण्यात आले. १९४९ साली या वसाहतीला उल्हास नदीवरून नाव मिळाले. पण ‘कॅम्प नंबर एक’पासून ‘कॅम्प नंबर पाच’पर्यंतचे पत्ते आजही त्या छावणीची आठवण देतात. शेत गेले, घर गेले, वतन गेले. उरले ते हात आणि व्यापाराची समज. पापडापासून फर्निचरपर्यंत जे विकले जाईल ते या माणसांनी बनवले. त्यात अस्सल होते तसे नकलीही होते, हे नाकारण्याचे कारण नाही.

शेजारच्या अंबरनाथ-बदलापूरच्या मराठी मध्यमवर्गाने त्यांच्याविषयी एक मत बनवले : सिंधी म्हणजे पैशामागे धावणारा, भपकेबाज, संस्कृतीशी देणेघेणे नसलेला. उलट बाजूनेही एक मत तयार झाले : मराठी माणूस म्हणजे दहा ते पाचच्या नोकरीत समाधानी, धंद्यात भित्रा, पूर्वजांच्या मोठेपणावर जगणारा. ही दोन वाक्ये नीट ऐकावीत, कारण ती फार दूरवरूनही ऐकू येतात. युरोपीय माणूस अमेरिकनाला आणि अमेरिकन माणूस युरोपीयाला दोन शतके हेच सुनावत आला आहे. १८३२ साली फ्रान्सिस ट्रॉलप या इंग्रज लेखिकेने अमेरिकनांच्या घरगुती रीतींवर पुस्तक लिहून त्यांच्या असंस्कृतपणाचा पाढा वाचला. १८४२ साली चार्ल्स डिकन्सनेही आपल्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात तिथल्या डॉलरच्या ध्यासाचा समाचार घेतला. १८६९ साली मार्क ट्वेनने उट्टे काढले. युरोपातील जुनी चित्रे, पवित्र अवशेष आणि ते दाखवून पैसे उकळणारे वाटाडे यांची त्याने यथेच्छ टर उडवली.

अटलांटिकच्या दोन काठांवर आणि वालधुनीच्या दोन काठांवर माणसे एकमेकांना तेच दोष का देतात? याचे उत्तर रक्तात नाही, जागेत आहे. नव्याने येऊन व्यापारावर जगणाऱ्याला जुना रहिवासी लोभी म्हणतो. जुन्या जागी स्थिरावलेल्याला नवा आलेला आळशी म्हणतो. जागा बदलली की विशेषणेही बदलतात. १८८७ साली ब्रिटनने कायदा केला की, परदेशी मालावर ब्रिटिश असल्याचा भास निर्माण करणारी खूण असेल तर त्यावर मूळ देशाचे नाव छापलेच पाहिजे. रोख होता जर्मनीच्या स्वस्त, नकली समजल्या जाणाऱ्या मालावर. त्या दिवसांत जर्मन माणूस इंग्रजांचा ‘उल्हासनगरवाला’ होता! पुढे काही दशकांतच ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरे उत्तमतेची ग्वाही ठरली.

उल्हासनगर ज्या जीन्ससाठी नावाजले गेले, तिचीही कथा अशीच आहे. ज्याला आपण अमेरिकेचा पोशाख समजतो, त्याचे १८७३ चे पेटंट बव्हेरियातून आलेल्या लेव्ही स्ट्रॉस नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या शिंपी भागीदारासह घेतले. ‘डेनिम’ हे नाव फ्रान्समधील नीम शहरावरून आणि ‘जीन’ हे इटलीतील जिनोआवरून आले, असे मानतात. मग अस्सल अमेरिकन ते कोणते?

‘आम्ही जुने, तुम्ही नवे’ हा दावाही तपासून पाहावा. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे; त्याचा अभिमान रास्तच आहे. परंतु ज्यांना आपण इतिहास नसलेले समजतो, त्यांच्या मातृभूमीत मोहेंजोदडो आहे. शिवाय १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीतील एका जुन्या शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आहे. म्हणजे बराकीत आलेला तो परका माणूस अकरा वर्षांपूर्वीपर्यंत आपल्याच इलाख्याचा रहिवासी होता.

मग शेजाऱ्यावर टीकाच करू नये काय? अवश्य करावी. जीन्स धुण्याच्या कारखान्यांचे रंगीत पाणी वालधुनीत सोडले गेले, ही तक्रार खरी होती. पण ही नदी उल्हासनगरात येण्यापूर्वी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहते, आणि अंबरनाथच्या रासायनिक कारखान्यांनीही तिला सोडलेले नाही. कृत्यावरील टीकेला पुरावा लागतो, तिचे उत्तर देता येते, आणि ती पुष्कळदा टीकाकाराच्या दारापर्यंत परत येते. जातीवरील शेऱ्याला यातले काहीच लागत नाही.

अशा खऱ्या टीकेचा मराठीतील वस्तुपाठ म्हणजे पंडिता रमाबाईंचे १८८९ सालचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. इंग्लंडात तीन वर्षे राहून त्या १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या. तेथील स्त्रियांच्या संस्था, शिक्षण आणि लोकसत्ता यांचे त्यांनी भरभरून कौतुक केले. त्यांच्या शारदासदनासाठी मदतही तेथूनच उभी राहिली. तरीही कृष्णवर्णीयांना आणि मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी स्पष्ट नापसंती नोंदवली. ज्यांच्या घरचे मीठ खाल्ले त्यांचा दोष सांगितला, पण मिठाला जागूनच सांगितला. डब्याच्या खिडकीतून उल्हासनगर पाहणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी तेथील एखाद्या घरी पाणी प्यायले आहे?

विनोदाचेही असेच आहे. पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांच्या स्वभावांवर हसवले, तेव्हा ती शहरे रागावली नाहीत. कारण हसणारा त्यांच्याच पंगतीत बसलेला होता. सिंधी माणसाच्या वाट्याला मात्र आपल्या कथा-नाटकांत बहुधा दुकानाचा गल्लाच आला. गल्ल्यामागच्या आजीने सिंधू नदी शेवटची केव्हा पाहिली, हे तिला विचारावे असे आपल्याला फारसे वाटले नाही.

ख्रिस्ती वाचकाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. हिंदी पडद्यावर आपला माणूस किती वर्षे हातात बाटली घेऊन, मोडक्या हिंदीत बोलत झिंगत राहिला! चित्रपटगृहात इतर हसत आणि आपणही अवघडून हसत असू. त्या अवघडल्या हसण्याची चव ज्याने घेतली, त्याने तरी तीच बशी शेजाऱ्यापुढे सरकवू नये.

यापुढे हा विनोद सांगावासा वाटला तर एकच कसोटी लावावी. समोरच्या बाकावर उल्हासनगरचा प्रवासी बसलेला असताना, त्याच्या डोळ्यांत पाहून आपण तो सांगू शकू काय? आणि त्याने आपल्यावरचा विनोद सांगितला तर तितक्याच मोकळेपणाने हसू काय? दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तर खुशाल सांगावा. नसेल तर पुढच्या स्थानकापर्यंत त्याच्याशी काही बोलावे.