वीस टक्के, पण कशाचे?

सुट्टीत बाळापूरला घरी आले होते आणि लॅपटॉपवर एक जुनी डॉक्युमेंटरी लावून बसले होते. जॉर्ज बटलर यांची ‘पम्पिंग आयर्न २: द विमेन’, १९८५ सालची. काकू मागून डोकावली. “काय वं, हे बाई आहे का पैलवान?”

हसू नका. १९८३ मध्ये लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये बसलेल्या पंचांनाही हाच प्रश्न पडला होता, आणि सगळा सिनेमा त्यावरच उभा आहे.

बेव्ह फ्रान्सिस ही ऑस्ट्रेलियाची पॉवरलिफ्टर. बेंच प्रेसवर ३०० पौंडांपेक्षा जास्त, म्हणजे १३६ किलोच्या वर वजन उचललेली. ती शरीरसौष्ठवात उतरते. समोर रेचल मॅक्लिश, १९८० ची पहिली मिस ऑलिम्पिया, सडपातळ आणि देखणी. निकाल: कार्ला डनलप पहिली, रेचल तिसरी. आणि स्टेजवर सगळ्यात जास्त स्नायू असलेली बेव्ह? आठवी.

सिनेमातला सगळ्यात चांगला प्रसंग पंचांच्या बैठकीचा. बाई बाईसारखीच दिसली पाहिजे, असं वरून बजावलं जातं. एक तरुण पंच विचारतो की हे तर स्कीइंग करणाऱ्या बायकांना ‘अमुक वेगाच्या पुढं जाऊ नका’ सांगण्यासारखं झालं! त्याला सरळ उत्तर मिळत नाही.

मी प्रयोगशाळेत काम करते. तिथं एकक न सांगता आकडा लिहिला तर गाईड वही परत करतात. पॉवरलिफ्टिंगमध्ये बार वर गेला की नाही, हे तीन पंचांच्या दिव्यांवरून कळतं. ‘बाईपण’ मात्र कशात मोजायचं? डिसेंबर २००४ मध्ये आयएफबीबीनं तर कमालच केली. सौंदर्य आणि आरोग्याचं कारण देऊन महिला स्पर्धकांना स्नायू २० टक्क्यांनी कमी करायला सांगितले. २० टक्के कशाचे? वजनाचे, घेराचे, की पंचांच्या अंदाजाचे?

त्यातल्या ‘आरोग्य’ या शब्दावर जरा थांबू या, कारण सिनेमात स्टेज भरपूर आहे, पण शरीराच्या आत काय चालतं ते जवळपास नाही. २०१७ मध्ये फिनलंडच्या युहा हुल्मी आणि सहकाऱ्यांनी फिटनेस स्पर्धेची तयारी करणाऱ्या २७ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण २० आठवड्यांच्या डाएटमध्ये त्यांची चरबी सरासरी २३ टक्क्यांवरून १३ च्या आत आली. स्नायू बरेचसे टिकले. पण लेप्टिन पडलं. हे संप्रेरक चरबीच्या पेशी सोडतात. घरात धान्य किती उरलंय, हा मेंदूला मिळणारा निरोपच तो. निरोप बंद झाला की मेंदू दुष्काळ जाहीर करतो. थायरॉइडचं टी-३ उतरतं, इस्ट्रोजेन उतरतं, पाळी बिघडू शकते. नंतर नीट जेवायला लागून तीन-चार महिने झाल्यावर बहुतेक गोष्टी जागेवर आल्या, पण टी-३ आणि टेस्टोस्टेरॉन पूर्ण आले नाहीत.

आता बघा, या काही बेव्हसारख्या धिप्पाड बायका नव्हत्या. फिटनेस म्हणजे ‘सौम्य’ समजला जाणारा गट. त्रास स्नायूंचा नव्हता, उपाशी राहून कातडीखालची चरबी घालवण्याचा होता. स्टेरॉइडचा धोका वेगळा आणि खराच, पण त्याला तपासणी हवी. टक्केवारीचा फतवा काढून तो जात नाही.

आपल्याकडच्या दीपिका चौधरी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत काम करता करता आयएफबीबीच्या प्रो झाल्या, ‘फिगर’ गटात. हाही स्नायूंचं प्रमाण आवरतं ठेवायला सांगणारा गट. त्यांची मेहनत मोठीच आहे. माझा राग गटांच्या व्याख्येवर आहे. व्याख्या सौम्य केली, भूक तेवढीच ठेवली.

सिनेमावरही माझी तक्रार आहे. पंचांना हसणारा हा कॅमेरा स्वतः मात्र बायकांच्या अंगावरून अगदी पंचांसारखाच फिरतो. शिवाय ही स्पर्धा सिनेमासाठीच भरवलेली होती, त्यामुळे बेव्हला आणलं ते वाद पेटवायलाच, असं वाटत राहतं. बेव्हनं मात्र मैदान सोडलं नाही. १९९१ च्या मिस ऑलिम्पियात ती लेंडा मरेकडून एका गुणानं हरली.

निकालापर्यंत काकू शेजारी बसून होती. “आठवी?” म्हणाली, “मंग वजन कोनं उचललं थे?” बघणार असाल तर पंचांची बैठक चुकवू नका, आणि शेवटी कॅल्क्युलेटरवरून गुणांचा जो गोंधळ होतो, तोही.